डेस्कटॉपवरील पासवर्ड मॅनेजर एक्स्टेन्शनची निवड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज, मॅक किंवा लिनक्स संगणकावर क्रोम, एज किंवा फायरफॉक्स वापरणाऱ्या आणि पासवर्ड मॅनेजरचे एक्स्टेन्शन (म्हणजे पासवर्ड साठवून ते पानावर भरणारी ब्राउझरमधील जोडणी) निवडू पाहणाऱ्या वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. एक्स्टेन्शन पासवर्ड कोठे भरते, कोठे भरायला नकार देते आणि स्वतःला कुलूप केव्हा लावते, या तीन गोष्टींवर येथे सर्वाधिक भर दिला आहे. सुविधांच्या याद्या प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतात. या तीन गोष्टी मात्र बहुधा सेटिंग्जच्या आतल्या पानांवर दडलेल्या असतात.

ब्राउझर स्वतःच पासवर्ड साठवतो, मग वेगळे एक्स्टेन्शन कशासाठी?

संगणक तुमच्या एकट्याचा असेल, विंडोजच्या खात्याला पासवर्ड असेल आणि तुम्ही फक्त क्रोमच वापरत असाल, तर ब्राउझरमधील सोय अगदीच टाकाऊ नाही. एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्यापेक्षा किंवा तो एक्सेलच्या फाइलमध्ये लिहून ठेवण्यापेक्षा ती निश्चितच बरी.

तिच्या मर्यादा मात्र लक्षात घ्यायला हव्यात. घरातील एकच संगणक सर्वजण एकाच विंडोज खात्यातून वापरत असतील, तर ब्राउझर उघडणाऱ्या कोणालाही तुमच्या खात्यांत शिरता येते. फायरफॉक्समध्ये यावर उपाय म्हणून 'प्रायमरी पासवर्ड' आहे, पण तो मुळात बंद असतो आणि तो सुरू करावा लागतो हे अनेकांना ठाऊकच नसते. दुसरे असे की, माहिती चोरणारे घातक सॉफ्टवेअर संगणकात शिरले की ते आधी क्रोम आणि एज यांचा पासवर्डसाठा शोधते, कारण तो प्रत्येक संगणकावर ठरलेल्या जागी असतो. गूगलने जुलै २०२४ मध्ये क्रोमच्या १२७ व्या आवृत्तीपासून विंडोजवर या साठ्याचे संरक्षण वाढवायला सुरुवात केली, तरीही पुढील काही महिन्यांतच त्याला वळसा घालण्याचे मार्ग निघाले. स्वतंत्र पासवर्ड मॅनेजरचा साठा मास्टर पासवर्डने, म्हणजे संपूर्ण साठा उघडणाऱ्या एकाच मुख्य पासवर्डने, बंद असतो आणि कुलूप लागलेले असताना तो चोरीला गेला, तरी मास्टर पासवर्डशिवाय वाचता येत नाही. ब्राउझर बदलला तरी तो साठा सोबत येतो, हा आणखी एक फायदा.

सर्व एक्स्टेन्शन्स एकाच पद्धतीने काम करतात का?

नाही. बिटवॉर्डन किंवा प्रोटॉन पास यांसारखी एक्स्टेन्शन्स स्वयंपूर्ण असतात: ती कंपनीच्या सर्व्हरवरून सांकेतिक रूपातील साठा, म्हणजेच व्हॉल्ट, उतरवून घेतात आणि तो तुमच्या संगणकावर, ब्राउझरच्या आतच उलगडतात. कीपासएक्ससीचे एक्स्टेन्शन साठा स्वतःजवळ ठेवतच नाही. साठा तुमच्या संगणकावरील एका फाइलमध्ये असतो, ती फाइल कीपासएक्ससी हा स्वतंत्र प्रोग्राम उघडतो आणि एक्स्टेन्शन त्या प्रोग्रामकडे फक्त समोरच्या पानापुरती मागणी करते. वनपासवर्डचे एक्स्टेन्शन स्वतंत्रपणेही चालते आणि संगणकावरील वनपासवर्डच्या अ‍ॅपशी जोडले तर दोन्हींचे कुलूप एकत्र उघडते.

या फरकाचे व्यावहारिक परिणाम होतात. कार्यालयातील संगणकावर प्रोग्राम बसवण्याची परवानगी नसेल, तर स्वयंपूर्ण एक्स्टेन्शनच वापरता येते. लिनक्सवर ब्राउझर स्नॅप किंवा फ्लॅटपॅक स्वरूपात बसवला असेल, तर त्याच्याभोवतीच्या कुंपणामुळे कीपासएक्ससीशी त्याचा संवाद अनेकदा होत नाही. बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने कुलूप उघडायचे असेल, तर बिटवॉर्डनच्या बाबतीतही डेस्कटॉप अ‍ॅप सोबत बसवावे लागते.

निवड करताना सर्वांत आधी काय तपासावे?

एक्स्टेन्शन संकेतस्थळाचा पत्ता कसा ओळखते, हे. माझ्या मते पासवर्ड मॅनेजरची ही सर्वांत मोलाची सेवा आहे आणि तुलना करताना नेमकी हीच सर्वांत कमी पाहिली जाते. बँकेच्या पानाची हुबेहूब नक्कल माणसाच्या डोळ्यांना फसवते. एक्स्टेन्शन मात्र पानाचे रूप पाहत नाही, फक्त पत्ता पाहते, आणि पत्त्यातील मुख्य नावात एका अक्षराचाही फरक असेल तर पासवर्ड देऊ करत नाही. मॅनेजर गप्प बसला तर ती धोक्याची सूचना समजावी. अशा वेळी त्रासून व्हॉल्टमध्ये नाव शोधायचे, पासवर्ड कॉपी करायचा आणि पानावर चिकटवायचा, ही सवय ज्याला लागली त्याने हे संरक्षण स्वतःच्या हाताने काढून टाकले.

पत्ता जुळवण्याचे नियम किती बारकाईने ठरवता येतात, ते पाहावे. बिटवॉर्डनमध्ये प्रत्येक नोंदीसाठी वेगळा नियम ठेवता येतो. मूळचा नियम मुख्य डोमेनपुरता असतो, म्हणजे त्या डोमेनखालील सर्व उपसंकेतस्थळांवर तोच पासवर्ड सुचवला जातो. एकाच डोमेनखाली अनेक वेगवेगळ्या सेवा चालत असतील, तर चुकीच्या नोंदी समोर येऊ लागतात. अशा ठिकाणी उपसंकेतस्थळासह संपूर्ण नाव जुळले तरच पासवर्ड सुचवणारा 'होस्ट' हा काटेकोर नियम निवडावा.

दुसरी गोष्ट म्हणजे पान उघडताक्षणी पासवर्ड आपोआप भरण्याची सोय. ती बंद असलेलीच चांगली. पानात कोणी घातक स्क्रिप्ट घुसवली असेल किंवा दुसऱ्या ठिकाणचे पान चौकटीच्या रूपात बसवले असेल, तर तुम्ही काहीही न करता भरलेला पासवर्ड वाचला जाऊ शकतो. बिटवॉर्डनमध्ये ही सोय मुळात बंद असते. तुम्ही निवडलेल्या एक्स्टेन्शनमध्ये ती चालू आढळली, तर पहिल्याच दिवशी बंद करावी आणि स्वतः आदेश दिल्यावरच पासवर्ड भरला जाईल अशी व्यवस्था ठेवावी.

माझ्या बँकेच्या संकेतस्थळावर एक्स्टेन्शन अचानक काहीच सुचवेनासे झाले. बिघाड झाला आहे का?

बहुधा नाही, बँकेचा पत्ता बदललेला असण्याची शक्यता अधिक आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना त्यांची संकेतस्थळे '.बँक.इन' (.bank.in) या राखीव डोमेनवर नेण्याचे निर्देश दिले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत ठेवली. हे निर्देश नागरी सहकारी बँकांनाही लागू होते, त्यामुळे महाराष्ट्रातील असंख्य खातेदारांच्या व्हॉल्टमधील बँकेच्या नोंदी जुन्या पत्त्यांवर राहिल्या. हे डोमेन फक्त बँकांनाच मिळते आणि त्याची नोंदणी आयडीआरबीटी ही संस्था करते. ही योजना चांगलीच आहे. पण पत्ताबदलाच्या या काळात खरे पान आणि बनावट पान यांपुढे एक्स्टेन्शन सारखेच गप्प बसते.

अशा वेळी संदेशातील किंवा ईमेलमधील दुव्यावरून जाऊ नये. जुना पत्ता स्वतः टंकावा, बँक तेथून कोठे नेते ते पाहावे, शंका असेल तर पासबुकावरील किंवा शाखेतील माहितीशी पत्ता ताडून घ्यावा आणि मगच नोंदीत नवा पत्ता घालावा. काही आठवड्यांनी जुना पत्ता नोंदीतून काढून टाकावा. या नोंदींना 'होस्ट' हाच नियम लावावा, कारण आता अनेक बँकांच्या पत्त्यांचा शेवट एकसारखा आहे आणि त्यांतील मुख्य डोमेन कोणते हे ठरवण्याचे काम एक्स्टेन्शनजवळच्या, पत्त्यांच्या अशा सामाईक शेवटांच्या यादीवर सोपवण्याची गरज नाही.

'सर्व संकेतस्थळांवरील तुमची माहिती वाचणे व बदलणे' ही परवानगी द्यावी का?

ही परवानगी वाचून बिचकणे स्वाभाविक आहे, पण लॉगिनचे रकाने ओळखायचे आणि भरायचे तर एक्स्टेन्शनला ती लागतेच. क्रोम व एजमध्ये ती मर्यादित करता येते: एक्स्टेन्शनच्या तपशिलांत जाऊन संकेतस्थळांचा प्रवेश 'क्लिक केल्यावर' असा ठेवला, तर टूलबारवरील चिन्ह दाबेपर्यंत त्याला पान दिसत नाही. थोडी सोय कमी होते, परंतु अधिक सावध राहू इच्छिणाऱ्यांनी ही व्यवस्था अवश्य करून पाहावी.

याहून मोठा प्रश्न शेजारच्या एक्स्टेन्शन्सचा आहे. कूपन शोधणारे, पानाचा रंग बदलणारे किंवा स्क्रीनशॉट काढणारे एखादे एक्स्टेन्शन हीच परवानगी घेऊन बसलेले असेल, तर पानावर भरला गेलेला पासवर्ड त्यालाही वाचता येतो. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या सुरक्षा कंपनीच्या कर्मचाऱ्याला फसवून तिच्या क्रोम एक्स्टेन्शनची घातक आवृत्ती नाताळच्या सुटीत वापरकर्त्यांपर्यंत पोहोचवण्यात आली होती. ते पासवर्ड मॅनेजर नव्हते, पण अद्ययावत होण्याच्या नेहमीच्याच मार्गाने घात होऊ शकतो हे त्यातून स्पष्ट झाले. बँकेच्या आणि शासकीय कामांसाठी ब्राउझरमध्ये वेगळा प्रोफाइल तयार करावा आणि त्यात पासवर्ड मॅनेजरखेरीज एकही एक्स्टेन्शन बसवू नये, असा माझा आग्रह आहे. त्याला पाच मिनिटे लागतात आणि खर्च काहीच नाही.

लास्टपासच्या बाबतीत काय घडले, आणि त्याचा निवडीशी काय संबंध?

ऑगस्ट २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरच्या विकासयंत्रणेत शिरकाव झाला. तेथून मिळालेल्या माहितीच्या आधारे पुढे एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकामार्गे हल्लेखोर ग्राहकांच्या व्हॉल्टच्या राखीव प्रतींपर्यंत पोहोचले. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने या प्रती चोरीला गेल्याचे जाहीर केले. पासवर्ड सांकेतिक रूपात होते, परंतु संकेतस्थळांचे पत्ते उघडे होते. म्हणजे कोणाचे खाते कोठे आहे हे चोरांना वाचता आले.

त्यातून उघड झालेली दुसरी बाब अधिक बोधप्रद आहे. मास्टर पासवर्डपासून किल्ली तयार करताना एक गणिती क्रिया हजारो वेळा केली जाते, जेणेकरून अंदाज बांधणाऱ्याचा वेळ वाया जावा. लास्टपासने २०१८ मध्ये नव्या खात्यांसाठी हा आकडा १,००,१०० पर्यंत वाढवला होता, पण अनेक जुन्या खात्यांत तो ५,००० किंवा त्याहूनही कमी राहून गेला. ग्राहकांना याची कल्पना नव्हती. २०२३ मध्ये बिटवॉर्डनने आपला मूळ आकडा ६,००,००० केला आणि आर्गॉन-टू-आयडी ही अधिक कठीण पद्धतही उपलब्ध करून दिली. तुमचे खाते जुने असेल, तर सेटिंग्जमध्ये जाऊन हा आकडा आजच तपासावा.

म्हणून कोणतेही उत्पादन निवडताना एकच प्रश्न विचारावा: उद्या या कंपनीचा सर्व्हर लुटला गेला, तर चोराच्या हाती वाचण्याजोगे काय लागेल?

मग बिटवॉर्डन, वनपासवर्ड, प्रोटॉन पास आणि कीपासएक्ससी यांपैकी कोणते घ्यावे?

बहुतेक वाचकांना मी बिटवॉर्डन सुचवेन. त्याचा प्रोग्राम मुक्तस्रोत आहे, विनामूल्य योजनेत पासवर्डच्या संख्येवर किंवा उपकरणांवर मर्यादा नाही, पत्ता जुळवण्याचे नियम सविस्तर आहेत आणि उद्या सोडून जायचे ठरवले तर माहिती बाहेर काढणे सोपे आहे. त्याची मांडणी नवख्याला काहीशी रूक्ष वाटते, हे खरे.

वनपासवर्ड ही कॅनडातील कंपनी आहे. तिची विनामूल्य योजना नाही, केवळ १४ दिवस वापरून पाहता येते. तरीही तिच्या रचनेतील 'सीक्रेट की' मला फार महत्त्वाची वाटते. मास्टर पासवर्डच्या जोडीला ३४ अक्षरांची ही किल्ली तुमच्या उपकरणांवरच तयार होते आणि कंपनीकडे जात नाही. सर्व्हरवरील साठा चोरीला गेला, तरी केवळ मास्टर पासवर्डचा अंदाज बांधून तो उघडता येत नाही. घरातील वडीलधारी मंडळी साधा मास्टर पासवर्ड ठेवतील अशी रास्त भीती असेल, तर पैसे देऊन हे संरक्षण घेणे योग्य ठरते. कुटुंबाच्या योजनेत पाच जण सामावतात.

प्रोटॉन पास २०२३ मध्ये आले. कंपनी स्वित्झर्लंडमधील आहे, विनामूल्य योजना उदार आहे आणि खरा ईमेल पत्ता लपवण्यासाठी दहा पर्यायी पत्तेही तीत मिळतात. प्रोटॉनचे ईमेल आधीपासून वापरणाऱ्यांना ते सोयीचे पडेल.

आपली माहिती कोणत्याही कंपनीच्या सर्व्हरवर नको, असे ज्यांना मनापासून वाटते त्यांच्यासाठी कीपासएक्ससी आहे. फाइल तुमची, तिच्या प्रती ठेवण्याची जबाबदारीही तुमची. फोनवर तीच फाइल उघडायची असेल, तर अँड्रॉइडवर कीपासडीएक्स किंवा आयफोनवर कीपासियम असे वेगळे अ‍ॅप लागते आणि फाइल दोन्हीकडे अद्ययावत ठेवण्याची व्यवस्था स्वतः करावी लागते. ज्याने आजवर बॅकअप कधीच घेतलेला नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

विनामूल्य योजना पुरेशी असते का?

एका व्यक्तीसाठी, होय. बिटवॉर्डनच्या विनामूल्य योजनेत दोघांना काही नोंदी एकमेकांत वाटूनही घेता येतात, त्यामुळे वीजबिल किंवा गॅसचे खाते पती-पत्नींना सामाईक ठेवता येते. पैसे भरावे लागतात ते प्रामुख्याने आणीबाणीतील प्रवेश, फाइल जोडणे आणि एकवेळचे सांकेतांक (लॉगिनच्या दुसऱ्या पायरीला लागणारे ओटीपी) तयार करणे यांसाठी.

मास्टर पासवर्ड मराठीत, देवनागरीत ठेवला तर चालेल का?

देवनागरीत ठेवू नये. कारण तांत्रिक आहे. पडद्यावर सारखेच दिसणारे जोडाक्षर आत वेगवेगळ्या प्रकारे साठवले जाऊ शकते; नुक्त्याचे अक्षर, अर्धा र किंवा अक्षरे जोडणारी अदृश्य चिन्हे एका कीबोर्डवर एक प्रकारे येतात आणि दुसऱ्यावर दुसऱ्या प्रकारे. मास्टर पासवर्डच्या बाबतीत असा फरक पडला, तर व्हॉल्ट उघडणारच नाही. शिवाय परक्या संगणकावर मराठी कीबोर्ड असेलच याची खात्री नसते.

मराठी शब्द रोमन लिपीत लिहून वापरणे मात्र उत्तम. एकमेकांशी संबंध नसलेले पाच किंवा सहा शब्द, शक्यतो शब्दकोशाची पाने डोळे मिटून उघडत निवडलेले, पुरेसे बळकट असतात आणि लक्षातही राहतात. अभंगाची ओळ, म्हण, आरतीतले कडवे किंवा गाण्याचा मुखडा घेऊ नये. जे लाखो लोकांना पाठ आहे ते अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामच्या यादीतही जाऊ शकते. मुलांची नावे आणि जन्मसाले तर नकोतच.

कुलूप किती वेळाने लागावे?

घरच्या स्वतंत्र संगणकावर पंधरा मिनिटे आणि कार्यालयात पाच मिनिटे ठीक आहेत. 'कधीच नाही' हा पर्याय निवडू नये, कारण मग व्हॉल्टची किल्ली संगणकाच्या डिस्कवरच ठेवली जाते. 'लॉक' आणि 'लॉग आउट' यांत फरक आहे: लॉक केल्यावर सांकेतिक साठा संगणकावर राहतो, लॉग आउट केल्यावर तोही निघून जातो. सायबर कॅफे किंवा सेवा केंद्रातील संगणकावर एक्स्टेन्शन मुळीच बसवू नये. तेथे फोनवर पासवर्ड पाहून हाताने टंकणे पत्करावे, आणि बँकेचा तर तेथे टंकूच नये.

२०२५ मध्ये क्लिकजॅकिंगची जी चर्चा झाली, ती गंभीर होती का?

होती. मारेक तोथ या संशोधकाने ऑगस्ट २०२५ मध्ये लास व्हेगास येथील डेफ कॉन परिषदेत अकरा पासवर्ड मॅनेजर्सच्या एक्स्टेन्शन्सवर हा हल्ला दाखवला. रकान्याजवळ उमटणारी एक्स्टेन्शनची यादी घातक पान अदृश्य करते आणि तिच्यावर कुकीजच्या संमतीसारखी साधी खिडकी ठेवते. वापरकर्ता ती बंद करायला जातो आणि नकळत माहिती भरण्याचा आदेश देतो. कार्डाचे तपशील आणि घरचा पत्ता अशी माहिती यात कोणत्याही पानाकडे जाऊ शकत होती. लॉगिनचे पासवर्ड मात्र संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेले असल्याने, त्याच संकेतस्थळात किंवा त्याच्या उपसंकेतस्थळात दोष असेल तरच सापडत. येथेही काटेकोर पत्त्याचा नियम कामी येतो.

अनेक कंपन्यांनी दुरुस्त्या केल्या. तरीही रकान्यात उमटणारी यादी बंद करून टूलबारवरील चिन्ह किंवा कळींची जोडी वापरणे मला अधिक पसंत आहे. बिटवॉर्डनमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एल दाबले की समोरच्या पानाचा पासवर्ड भरला जातो. आणि कार्डाचे तपशील एक्स्टेन्शनमध्ये न ठेवलेलेच बरे.

काही बँका पासवर्ड चिकटवू देत नाहीत. तेथे काय करावे?

चिकटवण्यास बंदी असली, तरी एक्स्टेन्शनकडून थेट भरणे अनेकदा चालते. तेही चालत नसेल, तर अशा खात्यासाठी पासवर्ड तयार करताना गोंधळात टाकणारी अक्षरे टाळण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे हाताने टंकताना शून्य आणि ओ यांत घोटाळा होत नाही. कीपासएक्ससीमध्ये 'ऑटो-टाइप' ही सोय आहे. ती कीबोर्डवरून टंकल्याचा आभास निर्माण करते आणि अशा पानांवर चालते. मात्र ती खिडकीच्या शीर्षकावर विसंबते, पत्त्याची खात्री करत नाही, म्हणून ती वापरण्यापूर्वी पत्ता स्वतः वाचावा.

बँकांनी ही बंदी उठवायला हवी, असे मला ठामपणे वाटते. त्यामुळे लोक टंकायला सोपे, म्हणजेच कमजोर पासवर्ड ठेवतात आणि नक्कल पाने ओळखणारे साधन निकामी होते.

पासकी आणि एकवेळचे सांकेतांकही त्याच मॅनेजरमध्ये ठेवावेत का?

पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली, अवश्य ठेवावी. ती संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते, नक्कल पानावर चालतच नाही, आणि वर उल्लेख केलेली चारही उत्पादने ती साठवू शकतात. सांकेतांकांबाबत माझे मत वेगळे आहे: ईमेल आणि पैशांच्या खात्यांचे सांकेतांक फोनवरील वेगळ्या अ‍ॅपमध्ये असावेत, म्हणजे व्हॉल्ट उघडा सापडला तरी दुसरे दार बंद राहते. पासवर्ड मॅनेजरच्या स्वतःच्या खात्याचा सांकेतांक तर त्याच मॅनेजरमध्ये कधीही ठेवू नये.

खरे एक्स्टेन्शन कसे ओळखावे?

शोधयंत्रात नाव टाकून वरच्या जाहिरातीवर जाऊ नये. २०२३ मध्ये कीपास या पासवर्ड मॅनेजरच्या नावाने हुबेहूब दिसणाऱ्या पत्त्याची जाहिरात गूगलवर झळकली होती आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये 'लासपास' नावाचे नक्कल अ‍ॅप अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरमध्येही पोहोचले होते. उत्पादकाच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकून तेथील दुव्यावरून स्टोअरमध्ये जावे आणि प्रकाशकाचे नाव वाचावे.

मला काही झाले, तर घरच्यांना पासवर्ड कसे मिळतील?

हा प्रश्न निवडीच्या वेळीच विचारात घ्यावा. बिटवॉर्डनच्या सशुल्क योजनेत विश्वासू व्यक्ती नेमता येते. तिने मागणी केल्यावर तुम्ही ठरवलेल्या मुदतीत नकार दिला नाही, तर तिला व्हॉल्ट पाहता येतो. वनपासवर्ड 'इमर्जन्सी किट' नावाचा छापण्याजोगा कागद देते. त्यावर सीक्रेट की असते आणि मास्टर पासवर्ड लिहायला जागा. तो भरून घराच्या कागदपत्रांसोबत बंद पाकिटात ठेवावा. कीपासएक्ससी वापरणाऱ्याने फाइल कोठे आहे हेही लिहून ठेवावे, नाहीतर मास्टर पासवर्ड हाती असूनही उपयोग होणार नाही.

ब्राउझरमधले जुने पासवर्ड नव्या मॅनेजरमध्ये कसे न्यावेत?

क्रोम किंवा फायरफॉक्समधून सीएसव्ही फाइल काढावी आणि नव्या मॅनेजरच्या आयात पानावर ती द्यावी. या फाइलमध्ये सर्व पासवर्ड उघड्या अक्षरांत असतात, म्हणून ती ईमेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपने स्वतःलाही पाठवू नये, वनड्राइव्हशी जोडलेल्या फोल्डरमध्ये ठेवू नये आणि काम झाल्यावर रीसायकल बिनमधूनही काढून टाकावी. नंतर ब्राउझरमधील साठा पुसावा व त्याची पासवर्ड साठवण्याची सूचना बंद करावी. तसे न केल्यास दोघेही प्रत्येक रकान्यात आपापली यादी दाखवत राहतात आणि नवा पासवर्ड कोठे साठवला हे कळेनासे होते.

पुढे स्वतःचा बॅकअप घेताना बिटवॉर्डनमध्ये पासवर्डने संरक्षित सांकेतिक निर्यात निवडावी. तेथील दुसरी, खात्यापुरती मर्यादित निर्यात फक्त त्याच खात्यात परत आणता येते. खातेच गमावले, तर ती फाइल उघडत नाही.